डीबेसची गोष्ट आणि आपल्या तुकडीची यादी

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. "तू सॉफ्टवेअरमधली, तेव्हा एआयवर बोल," असा आग्रह होता. पण एआयवर आता आपली मुलंच आपल्याला ऐकवतात. म्हणून मी मागे जायचं ठरवलं. आपल्या शाळेच्या संगणक खोलीत, चपला बाहेर काढून आपण जे पहिल्यांदा शिकलो, त्या डीबेसची गोष्ट आज सांगणार आहे. तिचा शेवट आजच्या मेळाव्याच्या यादीशी येऊन ठेपतो, म्हणून थोडा धीर धरा.

संगणक खोली आठवते ना? चार यंत्रं, शाळेतला एकमेव एसी आणि खिडक्यांना लावलेला काळा कागद. एका यंत्रावर चौघं. एकाने टंकायचं, बाकीच्यांनी त्याच्या चुका काढायच्या. डीबेस थ्री प्लस सुरू केलं की शेवटी पडद्यावर फक्त एक टिंब यायचं. त्या टिंबापुढे आपण काहीतरी लिहायचं आणि यंत्राने ते करायचं. 'यूज' लिहून यादीचं नाव दिलं की यादी उघडायची. 'लिस्ट' लिहिलं की सगळी नावं भराभर वर सरकायची. मला त्या टिंबाची भीती वाटायची. फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटायचं.

ही भाषा आली कुठून? अमेरिकेत कॅलिफोर्नियात पॅसाडेना इथे जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी आहे, जिथून ग्रहांकडे यानं पाठवतात. तिथे वेन रॅटलिफ नावाचा एक अभियंता कंत्राटी कंपनीतर्फे काम करत होता. कार्यालयात फुटबॉलच्या सामन्यांवर पैज लागायची. वर्तमानपत्रातले आकडे नीट मांडून ठेवले तर आपण जिंकू, असं त्याला वाटलं. कागदावर ते जमेना, म्हणून १९७८ च्या सुमारास घरच्या छोट्या संगणकावर त्याने आकडे साठवणारा आणि हवे तसे शोधून देणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. फुटबॉल बाजूलाच राहिला, प्रोग्रॅम मात्र तयार झाला. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या स्पॉकवरून त्याने त्याला 'व्हल्कन' नाव दिलं.

पण कल्पना सगळी त्याची नव्हती. त्याच प्रयोगशाळेत मोठ्या युनिव्हॅक संगणकावर 'जेपीएलडिस' नावाची माहिती साठवायची व्यवस्था आधीपासून होती. ती जॅक हॅटफील्डने सुरू केली आणि जेब लाँगने पुढे नेली. तिच्याही मागे टाइमशेअर नावाच्या कंपनीची 'रिट्रीव्ह' ही जुनी व्यवस्था होती. रॅटलिफने जेपीएलडिसच्या धर्तीवर, पण खोलीभर संगणकाऐवजी टेबलावर मावेल अशा यंत्रासाठी, सगळं नव्याने लिहिलं. ही वंशावळ लक्षात ठेवा. पुढे कोर्टात ती कामाला येते.

रॅटलिफने व्हल्कन स्वतःच विकायला काढलं. जाहिरात त्याची, फ्लॉपीच्या प्रती त्याच्या, फोनही त्यानेच घ्यायचे. एका माणसाला ते झेपेना. तेव्हा जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली या दोघांनी विक्रीचे हक्क घेतले. जाहिरात लिहिणाऱ्या हॅल पॉलकने नाव बदलून 'डीबेस टू' केलं. 'डीबेस वन' कधी नव्हतंच! पहिली आवृत्ती म्हटली की गिऱ्हाईक बिचकतं, दुसरी म्हटली की सुधारलेली वाटते. कंपनीचं नाव ठेवलं अ‍ॅश्टन-टेट. टेट खरे, पण अ‍ॅश्टन नावाचा कोणी भागीदार नव्हता. दोन नावं असली की पेढी जुनी आणि भारदस्त वाटते, एवढंच कारण. आपल्याकडेही 'आणि कंपनी' लावतातच की.

डीबेस टूची किंमत होती ६९५ डॉलर. तरीही ते धडाक्यात खपलं. १९८४ मध्ये डीबेस थ्री आलं. त्याच वर्षी जॉर्ज टेट हृदयविकाराने गेले, वय अवघं ४०. पुढे थ्री प्लस आलं, तेच आपण शिकलो.

आता ते इतकं का आवडलं, हे सांगते. बाई, तुम्ही हजेरी घ्यायचात ते आठवा. हजेरीपटावर तुमचं बोट एका नावावर असायचं. नाव घेतलं, "हजर" आलं, की बोट एक ओळ खाली. डीबेस नेमकं तसंच चालतं. यादीतल्या एका ओळीवर यंत्राचं बोट असतं. 'स्किप' म्हटलं की बोट खाली. 'गो टॉप' म्हटलं की पहिल्या नावावर. 'लोकेट' म्हटलं की हवं ते नाव सापडेपर्यंत बोट सरकत राहतं. यादी संपली की यंत्र सांगतं, संपली. हिशेबनीस, कारकून, दुकानदार, ज्यांनी आयुष्यभर वही अशी बोट ठेवून वाचली, त्यांना हे सांगावंच लागलं नाही.

त्याच काळात आयबीएममध्ये एडगर कॉड यांच्या १९७० च्या सिद्धांतावरून निघालेली एसक्यूएल ही दुसरी पद्धत वाढत होती. तिच्यात बोट नसतं. "सातवीतल्या ज्या मुलांची फी बाकी आहे ती सगळी दे" एवढंच सांगायचं, ती कशी शोधायची ते यंत्र ठरवतं. आज बँकांसारख्या मोठ्या व्यवस्थांत त्याच वाटेची चलती आहे, आणि माझं पोटही तिच्यावरच चालतं. पण डीबेसने प्रोग्रॅमर नसलेल्या माणसाच्या हाती यादी दिली, हे मोठं काम होतं.

आपल्याकडे ते कसं पोचलं? नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सोपी झाली आणि छोटे संगणक येऊ लागले. मग गल्लोगल्ली क्लासेस निघाले. वर्डस्टार, लोटस आणि डीबेस, हा तिघांचा जुडगा प्रत्येक पाटीवर असायचा. वाशीला रेल्वे आली १९९२ मध्ये. स्टेशनाबाहेर आणि सेक्टरच्या बाजारात अशा पाट्या लागलेल्या आपण शाळेत येताजाता वाचायचो. आपल्यातल्या कितीतरी जणांना पहिली नोकरी त्या प्रमाणपत्रावर मिळाली. कोणी एपीएमसीत अडत्याच्या पेढीवर, कोणी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात पगारपत्रकं काढायला.

एक अडचण मात्र आपली होती. नावं मराठी आणि यंत्र इंग्रजी. ज्ञानेश्वर कसा लिहायचा यावर आपल्या चौघांत भांडण व्हायचं. त्यावर उपाय आपल्या शेजारी पुण्यातच होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट'चं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे यांनी पुढे नेलं. जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की डीबेस, लोटससारखी तयार सॉफ्टवेअरं देवनागरीत चालायची, आणि डीबेसला त्याचा पत्ताही नसायचा. त्यामागच्या इस्की संकेतांना १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. गंमत म्हणजे डीबेसमध्ये नावासाठी जागा मोजून द्यावी लागे. 'लक्ष्मी' दिसायला दोन-तीन अक्षरं, पण ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि वेलांटी मिळून सात घरं खाते. वीस घरं दिली तर मराठी आडनावाचं शेपूट हमखास तुटायचं. आपल्या शाळेत ते कार्ड नव्हतं, त्यामुळे आपण सगळे इंग्रजी मोठ्या अक्षरांत आहोत.

आता कोर्टाची गोष्ट. डीबेस इतकं चाललं की दुसऱ्या कंपन्यांनी तीच भाषा समजणारी, पण जास्त वेगवान सॉफ्टवेअरं काढली. नँटकेट कंपनीचं क्लिपर आलं. ओहायोतल्या डेव्ह फुल्टन यांच्या फॉक्स सॉफ्टवेअरचं फॉक्सबेस आणि मग फॉक्सप्रो आलं. १९८८ मध्ये अ‍ॅश्टन-टेटचं डीबेस फोर निघालं, पण त्यात इतक्या चुका होत्या की लोक वैतागले. त्याच वर्षी कंपनीने फॉक्सवर खटला भरला. म्हणणं असं, की ही भाषा आमची आहे. डिसेंबर १९९० मध्ये न्यायाधीशांनी उलटाच निकाल दिला. हे सॉफ्टवेअर जेपीएलडिसवरून घेतलेलं आहे, हे कंपनीने कॉपीराइटच्या अर्जात सांगितलं नाही, तेव्हा हक्कच बाद! काही महिन्यांनी न्यायाधीशांनी तो निकाल मागे घेतला, पण तोवर कंपनीचे दिवस भरले होते. १९९१ मध्ये बोरलँडने ती विकत घेतली, आणि परवानगी देताना अमेरिकी न्याय खात्याने फॉक्सवरचा खटला सोडून द्यायला लावलं. पुढच्याच वर्षी फॉक्स मायक्रोसॉफ्टने घेतली. २००७ मध्ये फॉक्सप्रोची नवी आवृत्ती येणार नाही असं जाहीर झालं, आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला.

२००१ मध्ये इंजिनिअर होऊन मी महाप्याला नोकरीला लागले तेव्हा माझं पहिलं काम हेच होतं, फॉक्सप्रोतले हिशेब नव्या व्यवस्थेत न्यायचे. तेव्हा मला ते काम कमीपणाचं वाटायचं. दुसऱ्यांनी पंधरा वर्षं भरलेल्या वह्या आपण उतरवून घेतोय, यात इंजिनिअरिंग कसलं? पण त्या वह्यांमुळेच डीबीएफ फाइलची आतली रचना मला पाठ झाली. ती या वर्षी उपयोगी पडली.

फाइल उघडली की सुरुवातीला ३२ बाइटचा एक मथळा असतो. त्यात शेवटचा बदल कधी झाला ती तारीख आणि एकूण नोंदी किती हा आकडा असतो. मग प्रत्येक रकान्याची ओळख. त्यानंतर नोंदी, एकीला एक चिकटून. प्रत्येक नोंदीच्या आधी एक रिकामं घर असतं. आपण 'डिलीट' म्हटलं की डीबेस ती नोंद पुसत नाही. त्या रिकाम्या घरात फक्त एक चांदणी टाकतं. चांदणी असलेली नोंद एरवी दडवून ठेवता येते, पण ती जागेवरच असते. 'रिकॉल' म्हटलं की चांदणी निघते आणि नोंद परत येते. खरोखर पुसायचं असेल तर 'पॅक' म्हणावं लागतं. मग चांदणीवाल्या नोंदी कायमच्या जातात आणि उरलेल्या सरकून जागा भरतात.

आता आपल्या यादीकडे येते. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत, १९९३ साली, सरांनी आम्हा पाच जणांना बोलावून जनरल रजिस्टरवरून आपल्या अख्ख्या तुकडीची नावं डीबेसमध्ये भरून घेतली. पुढच्या मे महिन्यात पुन्हा बोलावलं. दहावीचे फॉर्म भरायचे होते, आणि मधल्या काळात दाखला घेऊन गेलेल्यांची नावं काढायची होती. सर रजिस्टरमधून नाव वाचायचे, मी 'डिलीट' टंकायचे.

त्यात एक नाव माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं होतं. इथे नाव घेत नाही, आपल्या तुकडीला कळलं असेल. कबड्डीत आपल्या मुलींना जिंकून द्यायची ती. तिच्या वडिलांचा कारखाना बंद पडला आणि जानेवारीत ते सगळे माणच्या गावाकडे परत गेले. सरांनी नाव वाचलं, मी 'डिलीट' लिहिलं आणि एंटर दाबलं. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मला आज्ञा न चुकता टंकता आली याचाच आनंद झाला होता. आणि पुढचं मी आपण होऊन विचारलं, "सर, आता पॅक करू?"

सर म्हणाले, "नको. दाखला नेला म्हणून रजिस्टरातून नाव खोडतो का आपण? शेरा लिहितो. राहू दे."

मला ते पटलं नव्हतं. फाइल स्वच्छ राहिली नाही, अशी माझी तक्रार होती. सर, तुम्हाला हे आठवत नसेल. मलाही या वर्षापर्यंत आठवलं नव्हतं.

मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा कार्यालयातून एक सीडी मिळाली. सरांनी ती फाइल सव्वापाच इंची फ्लॉपीवरून साडेतीन इंची फ्लॉपीवर, तिथून सीडीवर, असं करत निवृत्तीपर्यंत जपून आणली होती. समितीतल्या आपल्या मित्राने ती स्प्रेडशीटमध्ये उघडली. ६१ नावं निघाली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ६१ जणांचा ठरला, आणि आमंत्रणंही तेवढीच जायची होती.

मी सवयीने फाइल कच्ची उघडून पाहिली. मथळ्यात तारीख मे १९९४ ची. आणि नोंदींचा आकडा होता हेक्समध्ये ४६, म्हणजे आपल्या मोजणीने ७०. पडद्यावर ६१ आणि मथळ्यात ७०! नऊ जण कुठे गेले? खाली सरकत गेले, तर नऊ नावांआधी चांदण्या. त्या माझ्याच हातच्या. सहाव्या चांदणीपुढे तिचं नाव, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आडनावाचं शेपूट तुटलेलं.

त्यावरून ग्रुपवर काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत आहे. "माजी विद्यार्थी म्हणजे दहावी झालेले" असं काहींचं मत होतं. "बोलावलं तर त्यांनाच अवघड वाटेल" असंही कोणी म्हणालं, आणि ते अगदीच चूक नव्हतं. आपण सगळे इथे पदव्या, फ्लॅट आणि परदेशच्या सहली घेऊन येणार. ज्याला नववीत शाळा सोडावी लागली त्याने इथे येऊन काय बोलायचं, हा प्रश्न मलाही पडला होता. पण तो प्रश्न त्यांच्या वतीने आपणच सोडवायचा आणि त्यांना विचारायचंसुद्धा नाही, हे मला पटेना. शेवटी जनरल रजिस्टर मागवून पाहिलं. त्यात सत्तरच्या सत्तर नावं आहेत. नऊ जणांपुढे तारीख आहे, कारण आहे, सही आहे. खोडलेलं एकही नाही.

म्हणून आपण नवांचा शोध घेतला. रजिस्टरातल्या गावाच्या पत्त्यांवर पत्रं टाकली, कोणाच्या भावाला फेसबुकवर गाठलं. चौघांचा पत्ता लागला. एक जण आता नाही, हे त्याच्या भावाने कळवलं. एकाने नम्रपणे नको म्हटलं, आणि त्याचं म्हणणं आपण ठेवलं. दोघं आज इथे बसले आहेत, आणि सकाळपासून सगळ्यात जास्त हशा त्यांच्याच टेबलावरून ऐकू येतोय.

माझी मैत्रीण अजून सापडलेली नाही. माणमधल्या त्या पत्त्यावरून पत्र परत आलं. लग्नानंतर नाव बदललं असेल, त्यामुळे शोधणं अवघड आहे. मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं. उरलेल्या पाचांत चार मुली आहेत. तेव्हा आज इथून जाताना प्रत्येकाने ती पाच नावं पाहून जावं, प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावली आहेत. कोणाला काही धागा माहीत असेल, माहेरचं गाव, मामाचं नाव, काहीही, तर समितीला सांगा. आपण आधी फक्त विचारू. यायचं की नाही ते त्यांचं त्या ठरवतील.

आणखी एक. समितीने नवी यादी तयार करायचं काम माझ्यावर सोपवलं आहे. ती आता देवनागरीत आहे, आडनावं पूर्ण आहेत, आणि तिच्यात सत्तर नोंदी आहेत. 'शेरा' नावाचा एक रकाना मी मुद्दाम ठेवला आहे. सर, तीस वर्षांनी का होईना, तुमचं म्हणणं मला पटलं.